कराव्याची माती, शिरवण्याचा वाल

दिवाळी उरकल्यावर मंदाचा फोन आला. नेरूळच्या सोसायटीच्या गच्चीत तिनं वाल लावला होता. विकतची माती, विकतचं शेणखत, निळे ड्रम अर्धे कापून केलेल्या कुंड्या, सगळं अगदी साग्रसंगीत. तरी वेल वीतभर वाढून रुसून बसले होते आणि पानं पिवळी पडत चालली होती. एवढं सांगून ती विषय बदलून गुडघ्यांवर आली. तिनं माझ्याकडे काही मागितलं नाही. ती मागणारही नाही, आणि का मागणार नाही ते मला पक्कं ठाऊक आहे.

फोन ठेवून मी नवऱ्याला म्हटलं, "मला नवी मुंबईला जायचंय." तो म्हणाला, "या गुडघ्यांनी?" आमच्या वयात सगळ्या गप्पा शेवटी तिथंच येऊन टेकतात.

जाऊन आले. पण त्या प्रवासाचं सांगायचं तर आधी चाळीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या प्रवासाचं सांगावं लागेल, नाहीतर मी कोरेगावहून नेरूळला चार किलो माती कशाला वाहून नेली हे तुम्हाला कळायचं नाही.

ऐंशी साल नुकतंच उलटून गेलं होतं. मी चोवीस वर्षांची, कृषी पदवीधर, पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला. आमच्या विभागात जिवाणू खताची पाकिटं तयार व्हायची. काळ्या भुकटीत वाढवलेले जिवाणू. ते कडधान्याच्या बियाण्याला चोळायचे, म्हणजे ते मुळांवर गाठी करतात आणि हवेतला नत्र पिकाला आयता मिळवून देतात. हे ज्ञान नवीनच हाती आलं होतं, त्यामुळे समोर येईल त्याला ऐकवायची मला भारी हौस. वसतिगृहात माझ्या खोलीतली जोडीदारीण म्हणजे ही मंदा. नर्सिंगचं शिक्षण घेत होती, शिरवण्याची आगरी पोरगी, हसली की शेजारच्या तीन खोल्यांना कळायचं.

एका रविवारी ती पत्र वाचून न हसता बसली. तिच्या आईनं शेजारच्याकडून लिहवून घेतलं होतं. त्यांची भातखाचरं नव्या मुंबईच्या शहरासाठी गेली होती. घरामागे मुरमाचा भराव टाकून सपाट केलेला तेवढा तुकडा उरला होता. भातानंतरचा वाल आईनं गेल्या वर्षी या तुकड्यात पेरला, पण रोपं पिवळी पडून बसली, शेंग म्हणून धरली नाही. आता तिच्याकडे दोन शेर बी राहिलं होतं आणि त्याला भुंगा लागायला लागला होता. यंदा पिकलं नाही तर ते बी संपलं.

"वाल काय, बाजारात मिळतो की," मी म्हटलं.

मंदा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, की हा वाल बारीक, तांबूस असतो आणि तो तिच्या आईच्या माहेरचा, कराव्याचा. आजोबांच्या आधीपासून एकाच घरात पेरून राखलेला. बाजारात तो कधीच नव्हता.

मला खजील झाल्यासारखं वाटलं आणि त्या भरात मी फुशारकी मारली. म्हटलं, भरावाच्या मुरमात वालाचे जिवाणू कुठून असणार? म्हणून तो बसतो. त्यात असल्या मातीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरसही कमी, मग गाठी धरायला जोर कुठून येणार? मी पाकीट घेते, स्फुरदासाठी सुपर फॉस्फेट घेते, आपण दोघी जाऊ आणि तुझ्या आईचा वाल उभा करून येऊ. मंदानं मला तिथंच मिठी मारली. आता माघार घ्यायची सोय राहिली नाही.

निघालो ते सकाळच्या मुंबई एसटीनं. जिवाणूंना उष्णता सोसत नाही, म्हणून पाकीट ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवलं होतं आणि पाच किलो सुपर कापडी पिशवीत पायाशी. तळेगाव गेलं नाही तोच कंडक्टरचा पाय पिशवीला लागला. त्यानं वाकून बोटानं राखाडी पूड चाचपली आणि आवाज खाली आणून विचारलं, "ताई, सिमेंट कुठून मिळालं हो?"

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. मी म्हटलं, "सिमेंट नाही, खत आहे."

"सगळे असंच सांगतात," तो म्हणाला. "घर बांधताय का? माझंपण अडकलंय. अर्धी गोणी झाली तरी चालेल."

शेवटी मंदानं त्याला चिमूटभर पूड हुंगायला लावली, तेव्हा कुठे त्याची आशा सुटली. लोणावळ्याला गाडी थांबली की बटाटेवडा खायचा हा नियम तेव्हाही होता, आम्ही तो पाळला. बोरघाट उतरल्यावर हवा एकदम दमट झाली आणि मी डबा उचलून खिडकीपासून लांब, मांडीवर घेतला. पनवेलच्या पुढे महामार्गाला लागलो आणि शिरवण्याच्या फाट्यावर उतरलो. तेव्हा त्या बाजूला जायचं तर पुण्याहून हीच वाट बरी होती, फक्त कंडक्टरला आधीच सांगून ठेवावं लागे, नाहीतर गाडी थेट खाडीपुलापलीकडे.

मी देशावरची. मला मुंबई म्हणजे उंच इमारती एवढंच माहीत. इथे रस्ते होते आणि घरं नव्हती. कापलेल्या भाताच्या खुंटांमधून डांबरी रस्ता सरळ जायचा आणि मधेच संपायचा. सिमेंटचे मोठे पाइप, मोजणीच्या लाल टोकांच्या खुंट्या, चार माळ्यांचे सांगाडे आणि त्यांच्या सावलीत बसलेल्या म्हशी. वाऱ्याला खाडीच्या चिखलाचा वास, आणि वारा फिरला की ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कारखान्यांचा. मंदा बोट दाखवत होती: हे आमचं खाचर, ते काकांचं. मला खुंट्यांशिवाय काही दिसत नव्हतं.

तिची आई, यमुनाबाई, ओट्यावरच उभी होती. पन्नाशीची, काटक, आगरी पद्धतीनं गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "यं गो बाय. देशावरची ना तू? अगो, किती सुकलीस! तिकरं जेवाया देतान का नाय?"

मग तिनं जेवायला दिलं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, सुकट घातलेलं वांगं आणि वर कांदा. मी जन्मात सुकट खाल्लं नव्हतं. पहिला घास डोळे मिटून घेतला, तिसऱ्या भाकरीला यमुनाबाईच हसायला लागली. शिरवण्यात मला तीन दिवसांत कुणी पोटाला विसावा म्हणून दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. गुळाचं पाणी उकळून गार केलं. यमुनाबाईनं राखेत ठेवलेलं बी पाखडून सुपात आणलं. मी म्हटलं, "अर्धंच द्या आधी. बाकीचं राहू दे."

"अर्धं कशाला? भुंगा काय अर्धंच खानार हाय?" तिनं सूपच माझ्या पुढ्यात ओतलं. "सगलं घे. मंदाची मैत्रीन तू, तुज्यावर इस्वास नाय ठेवायचा तं कोनावर?"

दोन शेर तांबूस वाल. मी गुळाचं पाणी शिंपडलं, काळी भुकटी टाकली आणि हलक्या हातानं चोळून प्रत्येक दाण्याला काळा लेप बसवला. यमुनाबाई नाक मुरडून बघत होती. मी हात धुतले आणि तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं, "आता हे वाळू दे. दुपार कलली की पेरू."

आणि मंदाबरोबर हिंडायला गेले. तिला मला महाप्याकडची कारखान्यांची नवी वसाहत दाखवायची होती, मलाही बघायची होती. कळलं ना काय राहिलं ते? सावलीत. तो एक शब्द मी बोललेच नाही. पाकिटावर छापला होता, पण यमुनाबाईला वाचता येत नव्हतं, आणि आमच्या प्रयोगशाळेत वाळवायचं म्हणजे सावलीतच, हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायचं सुचलंच नाही.

या घरात वाळवणं म्हणजे काय ते मी आदल्या दिवशी बघितलं होतं. मिठागरावर राबलेली माणसं ती. मीठ उन्हात, मासळी उन्हात, बोंबील काठीवर उन्हात. उन्हानं जे वाळतं ते टिकतं, हेच त्यांनी आयुष्यभर केलेलं. तीन वाजता परत आलो तर पडवीपुढच्या पत्र्यावर, एका बाजूला जवळा आणि दुसऱ्या बाजूला माझा वाल, दोन्ही ताठ उन्हात. यमुनाबाई डोक्यावर पदर घेऊन हातानं दाणे खालीवर करत होती.

"बग, कसा खरखरीत वालवलाय!" ती म्हणाली. "चार येला परतला."

मी दाण्याला हात लावला. पत्रा चटका देत होता. लेप फुटून त्याची राख झाली होती आणि त्यात जवळ्याचं मीठ मिसळलं होतं. त्यातला एकसुद्धा जिवाणू जिवंत नसणार होता. मी तिथंच ओट्यावर बसले आणि रडायला लागले. लाज वाटली, तिच्या चेहऱ्याकडे बघून आणखी वाटली.

"बी मेलं का काय?" तिनं घाबरून विचारलं.

"बी नाही मेलं, आये. त्याच्या वरचं मेलं. आता हे पेरलं तर गेल्या वर्षीसारखंच होणार."

"मंग ते वरचं आनखी कुठं मिलतं?"

"पुण्याला. जाऊन येईपर्यंत जमिनीतली ओल जाईल." मी नाक पुसत, सहज बोलावं तसं म्हटलं, "नाहीतर जिथं वर्षानुवर्षं वाल पिकतो त्या जमिनीत असतं. त्या मातीतच असतं ते."

यमुनाबाई आत गेली. मंदा माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं मला घरामागे नेऊन सांगितलं ते ऐकून माझं रडणं थांबलं.

त्यांच्या घरात रीत होती. मुलगी नव्या जागेत पहिल्यांदा वाल पेरणार असली की माहेरच्या वालाच्या शेतातली पाटीभर माती तिच्याकडे यायची. भावानं आणायची. ती बियांबरोबर तासात, म्हणजे पेरायच्या सरीत, टाकायची. यमुनाबाई लग्न होऊन शिरवण्याला आली तेव्हा तिच्या वडलांनी स्वतः आणली होती, आणि त्या खाचरात वाल कधी बसला नाही. घरामागचा तुकडा म्हणजे नवी जागा. गेल्या वर्षी ती वाट बघत होती. भाऊ आलाच नाही.

"का नाही आला?"

"सरकारला जमीन द्यायच्या कागदावर मामानं सही केली. आय नको म्हणत होती. सगळ्यांसमोर बोलली त्याला, बापाची जमीन घालवलीस म्हणून. तेव्हापासून बोलत नाहीत."

मी उठून उभी राहिले. ज्या गोष्टीसाठी आम्ही पांढरे कोट घालून काचेच्या नळ्या उकळत होतो, ती ही माणसं पाटीतून डोक्यावर नेत होती! मी धावत आत गेले. "आये, उद्या कराव्याला जाऊ. माती मागून आणू."

चुलीपाशी बसलेली यमुनाबाई मान न वळवता म्हणाली, "माती मागायची नसते. माहेरानं द्यायची असते. मागून आनलेली लागत नाय."

"आये, मागितली का दिली हे जिवाणूंना कळत नाही हो."

"त्यांना नसंल कलत," ती म्हणाली. "मना कलतं."

मी बाहेर जाऊन पत्र्यावरचा वाल सुपात भरून ठेवला.

सकाळी उठले तर ती न्हाऊन, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून तयार. हातात पाटी नव्हती, घमेलं नव्हतं. नारळ होता. "मी भावाला बगाया चाललंय," ती आम्हा दोघींना बजावून म्हणाली. "मातीचा ईशय कोन काढील त्याची खैर नाय."

शिरवण्याहून करावं पायी तासा-सव्वा तासाचं. वाट बांधांवरून. एका अंगाला मिठागरांचे चौकोन, दुसऱ्या अंगाला खारफुटी, आणि ओहोटीच्या चिखलात पाय उचलत चाललेले बगळे. माझी चप्पल चिखलानं दोनदा गिळली, तिसऱ्यांदा मी ती हातातच घेतली. मंदा मागून हसत होती. यमुनाबाई मात्र पुढे, आणि गाव जवळ यायला लागलं तशी तिची चाल मंद होत गेली. वेशीपाशी तर ती थांबलीच. मला वाटलं, आता ही परत फिरणार. तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि निघाली.

पांडूमामा ओसरीत जाळं विणत बसला होता. बहिणीपेक्षा चार वर्षांनी लहान, दाढीचे खुंट पांढरे झालेले. त्यानं वर बघितलं, सुई हातात तशीच राहिली.

"आयलीस?"

"आयली."

"पाय दुखलं असतील."

"नाय दुखलं."

मामानं माझ्याकडे बघून विचारलं, "ही कोन?"

"मंदाची मैत्रीन. पुन्याची. वाल बगाया आयली."

"वाल हाय अजून?"

"पेरायचाय," यमुनाबाई म्हणाली, आणि नारळ त्याच्या पुढ्यात ठेवला.

मामा उठला. ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाट झाकलेलं काहीतरी होतं, ते त्यानं बाजूला केलं. खाली बांबूची पाटी होती, काठोकाठ मातीनं भरलेली. माती कोरडी पडून तिला भेगा गेल्या होत्या.

"मागल्या साली भरून ठेवली होती," तो म्हणाला. "तुज्या दारात कसा येऊ, तू उभा करशील का नाय, यातच साल गेला."

यमुनाबाई पाटीपाशी खाली बसली. दोन्ही हात मातीत घातले आणि रडली, मोठ्यानं, आम्हा सगळ्यांसमोर. मंदा रडली. मी तर कालपासून सरावातच होते. मामा जाळ्याची सुई शोधत राहिला, ती त्याच्या हातातच होती.

मग तोच म्हणाला, "ही सुकली. ताजी देतो, चल." त्यांच्या वालाच्या खाचरावर अजून भराव पडला नव्हता. खुंट्या होत्या फक्त. त्यानं भाताचे खुंट बाजूला करून ओल लागेपर्यंत खणलं आणि पाटी भरली. मी धीर करून म्हटलं, "मामा, गोणपाट ओलं करून वर टाका. ऊन लागायला नको."

"आता सांगते!" यमुनाबाई डोळे पुसत म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा सगळे हसले.

पाटी मामानं कुणाला उचलू दिली नाही. बांधावरून शिरवण्यापर्यंत ती त्याच्या डोक्यावर होती.

दुपारनंतर पेरणी झाली. मी मामाला दाखवलं: आधी तासात सुपर, खोलवर. त्यावर मातीचा थर, कारण ही आंबट पूड जिवाणूंच्या अंगाला लागली तर त्यांनाच मारते. मग कराव्याची माती आणि तिच्यात बी. यमुनाबाई सुपरकडे संशयानं बघत होती, "जालनार तं नाय ना?" एवढं तीनदा विचारून झालं. शेवटच्या दोन तासांपर्यंत पोचेपर्यंत पाटी रिकामी झाली. त्यांत बी आणि सुपर एवढंच पडलं. चौथ्या दिवशी मी पुण्याला परतले आणि साहेबांना पाकीट वाया गेल्याचं खरं खरं सांगितलं. ते रागावले, पण मातीचं ऐकून खुर्चीत पुढे सरकले. "त्या मातीचा नमुना आण," म्हणाले. मी हो म्हटलं.

माघात पुन्हा गेले. घरामागे जाऊन बघितलं तर मांडवाला जागा पुरत नव्हती इतका वाल माजला होता. गडद हिरवा, शेंगांनी लगडलेला. मी एक रोप मुळासकट उपटलं, मुळं पाण्यात धुतली. मोहरीहून मोठ्या गाठीच गाठी. एक नखानं फोडली तर आत गुलाबी.

"रगत हाय का काय यात?" यमुनाबाईनं विचारलं.

"रक्तातल्या रंगाचाच भाऊ आहे तो," मी म्हटलं. "गुलाबी म्हणजे काम चालू आहे." मंदानं ती गाठ तळहातावर घेतली आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

शेवटचे दोन तास मात्र पिवळे आणि खुरटे. पाटी जिथं संपली तिथपासून रेघ मारल्यासारखा फरक. आणि तुळशीकडेचा एक तास हिरवा होता पण शेंगा निम्म्यासुद्धा नव्हत्या. मी कोड्यात पडले. तेव्हा यमुनाबाईनं कबूल केलं, की मी बघत नसताना त्या तासात तिनं माझी पूड घातलीच नव्हती. "एक तरी तास जगूदे म्हनलं, तुज्या खतानं बाकीचं जललं तं." माझ्या सगळ्या नोकरीत इतकी चोख तुलना मला पुन्हा बघायला मिळाली नाही, आणि ती अविश्वासापोटी झाली होती.

संध्याकाळी पोपटी लावली. मामा भांबुर्ड्याचा पाला घेऊन आला. मडक्यात पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, वर पुन्हा पाला. मडकं पालथं घालून भोवती पेंढा पेटवला. अर्ध्या तासानं शेंगा केळीच्या पानावर ओतल्या. त्या उग्र, गोडसर वासाची मला आजही माघात आठवण येते. मामा शेंग सोलून दाणे बहिणीच्या पुढ्यात टाकत होता आणि ती न बघता खात होती. बियांसाठी दोन तास राखून ठेवले होते.

निघताना मला साहेबांचं बोलणं आठवत होतं. नमुना. एक मूठ माती, कुणाला कळलंही नसतं. पण मी मागितली नाही आणि उचललीही नाही. आठ महिन्यांनी माझं लग्न ठरलं. मंदा लग्नाला कोरेगावला आली ती पांडूमामाला घेऊन. त्याच्या खांद्यावर फडक्यात बांधलेलं जड गाठोडं होतं. यमुनाबाईची तब्येत बरी नव्हती, तिनं निरोप धाडला होता. मामानं तो मांडवात, माझ्या आईसमोर, जसाच्या तसा सांगितला: "मंदाची आय बोलली, पोरीला सांग, दोन माहेरं झाली तुला."

गाठोड्यात माती होती आणि पसाभर तांबूस वाल.

साहेबांना ती माती मी दिली नाही. आमच्या घेवड्याच्या रानात बांधाकडेला टाकली, आणि तिथं तो वाल आजतागायत होतो. त्या वर्षीच कराव्याच्या खाचरावर भराव पडला. मागोमाग शिरवण्याच्या घरामागचा तुकडा गेला. तिथं आता सोसायटीच्या गाड्या उभ्या असतात. यमुनाबाई आणि मामा, दोघंही गेले. मंदाकडचं बी तिनं डब्यात जपलं, दर दोन वर्षांनी माझ्याकडून नवं न्यायची. पण सरकारी दवाखान्यात नोकरी आणि दुसऱ्या माळ्यावरचा फ्लॅट, पेरणार कुठे? निवृत्त झाल्यावर यंदा पहिल्यांदा तिनं गच्चीत पेरला. नवी जागा.

म्हणून निघाले. बांधाकडेला खणलं, चार किलो माती पिशवीत भरली, वर ओलं गोणपाट. एसटीतला कंडक्टर तरुण होता. पिशवी वर ठेवायला उचलली आणि म्हणाला, "आजी, दगड भरलेत का?"

"माती आहे. आणि वर नको ठेवू बाळा, तिकडं तापतं. माझ्या पायाशी सावलीत राहू दे."

"नवी मुंबईत माती मिळत नाही का?"

"मिळते की," मी म्हटलं. "पण ही तिथलीच आहे."

तुम्हाला त्या बाजूला जायचं असेल तर आता काही कष्ट नाहीत. महामार्गावरच नेरूळला उतरा, रिक्षा हात करायच्या आधीच थांबते. थंडीत कराव्याच्या खाडीवर गुलाबी पक्षी उतरतात, ते बघायला सकाळी गर्दी असते. पोपटीसुद्धा मिळते, पण जुन्या गावातल्या कुणाची तरी ओळख काढा आणि घरची खा. शिरवण्यातून पायी करावं आता गाठता येणार नाही, बांध उरले नाहीत.

मंदानं दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं आणि चहाचं आधण ठेवलं. चहा झाल्यावर गच्चीत गेलो. पाच ड्रममध्ये पिवळे वेल. सहावा ड्रम जिन्याच्या आडोशाला, सावलीत, अजून न पेरलेला. आतली माती भिजवलेली आणि बाजूला वाटीत बी.

"हा का ठेवलास?" मी विचारलं.

"असाच," ती म्हणाली, आणि ड्रमपासून बाजूला झाली. माती मी घातली, बी तिनं पेरलं. खाली बसायला आम्हा दोघींना वेळ लागला, उठायला त्याहून जास्त.

घरी येऊन महिना झाला. काल दुपारी फोनवर तिचा फोटो आला, खाली एक अक्षर नाही. सुरकुतलेला तळहात, त्यावर धुतलेलं मूळ, आणि नखानं फोडलेली एक गाठ. आतून गुलाबी.